बाहुलीनं दिलेली परवानगी

अगं, लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला गेले, तर तिची घरमालकीण म्हणाली, "पाहुण्यांनी दोनच आठवडे राहायचं." बाळ तर अजून यायचं होतं!

मी तिला आपली तंजावूरची मान डोलावणारी बाहुली दिली.

"अम्मा, लाच देतेस?" लेक कुजबुजली.

"गप गं. विचार तिला, तीन महिने राहू का?"

लेकीनं विचारलं आणि मी बाहुलीला हळूच टिचकी मारली. बाहुली डोलायला लागली.

"हे हो की नाही?" मालकिणीनं विचारलं.

"आमच्याकडे मान हलली की हो!"

ती खो खो हसली. मी तीन महिने राहिले.

निघताना विचारलं, "पुढच्या वर्षी येऊ?"

तिनं आतून बाहुली आणली आणि स्वतःच टिचकी मारली.