चैतातली गंगा

आश्रुबा : थुंकलो म्या. मायच्या शेवटच्या घोटासाठी तू आणलेलं पाणी, अन् मला तोंडात धरवंना. खारं मीठ हाय.

लिंबाजी : दादा, हळू बोल. माय आत जागी हाय.

आश्रुबा : असू दे जागी. वैद्य म्हणले, आजचा दिस निघंल तर निघंल. म्हणून गडूची लाख फोडली. अन् आत काय, तर शिवेवरल्या हिरीचं पाणी.

लिंबाजी : हिरीचं न्हाई. गंगा समुद्राला मिळती तिथलं हाय. कमरेएवढ्या पाण्यात उतरून भरलंय.

आश्रुबा : बानं आणलं होतं तसंच. त्या गडूतलं आज्याला पाजलं अन् उरलेलं म्या चाखलं. गोड होतं. गंगा का आता खारी झाली? निजामाच्या हद्दीवरला करोडगिरीचा नाका बघूनच माघारी फिरला असशील.

लिंबाजी : नाक्यावर झडती झाली. गडू फोड म्हणला जवान. पाय धरले त्याचे, पर लाख फोडू दिली न्हाई. अन् तू मला लबाड म्हणायलास.

आश्रुबा : मग मायच्या गळ्याची आन घे. न्हाईतर उद्यापासून ह्या घराचा उंबरा चढू नको.

लिंबाजी : आपल्या घाटावर गंगेला आज पाणी किती हाय?

आश्रुबा : मधीच काय काढायलास?

लिंबाजी : सांग की.

आश्रुबा : घोट्याएवढं. शेरडं बी चालत पल्याड जायलेत.

लिंबाजी : मग एवढुशा पाण्यानं समुद्र कसा रेटावा? तिथला एक मासे धरणारा मोडक्या उर्दूत सांगत होता. भादव्यात गंगा फुगून येती, समुद्राला मागं सारती. पार आत जाऊन भरलं तरी गोड लागतंय. चैतात तिचा जोर सरतो, अन् समुद्रच नदीत शिरतोय, लय लांबवर. काठच्या हिरी मचूळ होतेत. तो बी जाळं गुंडाळून बसला होता. वरून गोड पाणी उतरल्याबिगर मासळी भरत न्हाई, म्हणला.

आश्रुबा : बा कवा गेला होता?

धुरपताबाई : भादव्यात. पोळा करून निघाले होते.

लिंबाजी : माय, तू उठू नको.

धुरपताबाई : ह्याला चैतात म्याच धाडलं. भादवा बघंन असं वाटंना मला. आश्रुबा, आन नको घालू त्याला.

आश्रुबा : चुकलं माझं. पर माय, खारं पाणी कसं पाजू तुला?

धुरपताबाई : घाटावर जा. तांब्या भरून आण.

(आश्रुबा तांब्या भरून परत येतो.)

धुरपताबाई : वत त्या गडूत.

आश्रुबा : किती?

धुरपताबाई : वत तर. लिंबा, चाखून सांग.

लिंबाजी : अजून खारंच हाय, माय.

आश्रुबा : तांब्याला हात लाव, लिंबा. अजून वतू.