मामा आणि गॅसचा अलार्म

गॅसचा अलार्म माणूसही ओळखतो, हे मी स्वतः बघितलंय. आमची नात अंबरनाथला ते अलार्म बनवणाऱ्या कारखान्यात आहे. एक तिने खरवईच्या आमच्या स्वयंपाकघरात, सिलिंडरजवळ, भिंतीला खाली लावलाय.

उल्हासनगरचा एक मुलगा तिला बघायला आला. सोबत त्याचा मामा. मी आधीच सांगितलं, "दारू चालणाऱ्या घरात मी पोरगी देत नाही."

"आमच्याकडे कोणी शिवतसुद्धा नाही," मामा म्हणाला.

मग तो पाणी प्यायला आत गेला. "हे काय लावलंय?" म्हणत अलार्मपाशी वाकला, तसा अलार्म बोंबलायला लागला.

"गॅस लीक आहे, बाहेर व्हा सगळे," मामा ओरडला.

"गॅस बंद आहे, मामा," नात म्हणाली. "यात टिन ऑक्साइड असतं. त्याला दारूची वाफही कळते."

मी म्हटलं, "उठा आता, निघा."

मुलगा उठला, पण दाराकडे न जाता स्वयंपाकघरात गेला. अलार्म शांत झाल्यावर त्याने फरशीवर गुडघे टेकले आणि अलार्मवर जोरात फुंकर मारली. अलार्म गप्पच राहिला. मग नातीला म्हणाला, "आता तुम्ही. मलाही बघू द्या."

मी चिडणार होतो, तेवढ्यात नात साडी सावरून त्याच्या शेजारी बसली आणि तिनेही फुंकर मारली. दोघं हसायला लागली.

मी बायकोला म्हटलं, "पोहे वाढ. मामाला तेवढं गॅसपासून लांब बसव."