बुडालेल्या गाडीतून चाळिसाव्याला

गाडी चालू झाली असती तर माझा भाऊ वाचला असता का? नाही, सांगा ना! डॉक्टरला विचारलं, तो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. इमामसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, "बेटा, असं विचारू नये." का विचारू नये? मिस्तऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, "बॅटरी बघितलीस का?" अरे गाढवा, माझा भाऊ गेला आणि तुला बॅटरी सुचतेय? आणि बॅटरी ठणठणीत होती! तुम्हाला सांगतो, त्या गाडीत सगळंच ठणठणीत. किल्ली फिरवा, वायपर फिरतात. परत फिरवा, मागची काच खाली जाते ती वर येत नाही. परत फिरवा, भोंगा वाजतो, रेडिओवर कुणी बाई नवऱ्यावर रुसून गात बसते... सगळं चालू, फक्त गाडी बंद!

त्या सकाळी मोतसिमच्या छातीत कळ आली, वहिनीने त्याला गाडीत बसवलं, किल्ली फिरवली, तर काय? वायपर! पावसाचा थेंब नाही, अख्ख्या झरका शहरात धूळ उडतेय, आणि ही बया काच पुसतेय. मी ज्या भट्टीवर पाव भाजतो तिथली व्हॅन घेऊन धावत आलो. माझा भाऊ दवाखान्यात गेला तो गरम पावांच्या मधोमध आडवा होऊन. पोचला तेव्हा पाव गरम होते... जाऊ दे.

तर ही गाडी. कुठली? अमेरिकेची. तिथे पुरात बुडाली, विम्यावाल्यांनी फेकून दिली, जहाजात चढली, अकबाच्या बंदरात उतरली आणि आमच्या फ्री झोनमध्ये, म्हणजे परदेशी जुन्या गाड्यांच्या बाजारात, अबू शाहीरच्या दुकानात नवरीसारखी नटून उभी राहिली. आणि अबू शाहीर कसा? पोटावर हात फिरवत, असा, "घे मोतसिम, डोळे मिटून घे. एका अमेरिकन म्हातारीची गाडी आहे. रविवारी चर्चला जायची, बास." चर्च काय समुद्रात होतं का रे? आत बसलं की भिजलेल्या मेंढीचा वास! जादाच्या चाकाखाली चिखल, चिखलात झाडाची पानं, आणि अशी पानं आमच्या मुलखात तुम्ही आयुष्यात बघितली नसतील!

बरं, मातमाच्या मंडपात काय व्हावं? कुराण चाललंय, बडीबडी माणसं कडू कॉफीचे घोट घेतायत, आणि दारातली गाडी आपली आपण भोंगा वाजवायला लागली. कुणी हात लावला नाही! आणि आमचे फव्वाजकाका, पांढरी दाढी, हातात माळ, आमचीच कॉफी पीत शेजाऱ्याला म्हणतात, "मोतसिमला अक्कल कमीच. स्वस्त दिसलं की उडी मारायचा. ना विचारणं, ना बघणं." माझ्या भावाच्या मंडपात! पलीकडे बायकांत वहिनी बसलेली, तिने ऐकलं. तुम्हाला सांगतो, माझी कपातली कॉफी उसळली नाही एवढंच.

त्यानंतर हनीनवहिनी कुणाशी बोलेना. संध्याकाळी त्या गाडीत जाऊन बसायची. त्या वासात! एक दिवस म्हणाली, "रकान, ह्या गाडीतून मी एकदाही कुठे गेले नाही. दर शुक्रवारी तो म्हणायचा, पुढच्या शुक्रवारी. चाळिसाव्याला, चाळिसाव्या दिवसाच्या दुआला, कब्रस्तानात जाईन तर ह्याच गाडीतून. नाहीतर जाणार नाही." आई म्हणाली, "ती नाही गेली तर मीही नाही." झालं! दोघी बायका एका डबड्यासाठी अडून बसल्या. मी चार मिस्तरी आणले. चौघांनी बॉनेट उघडलं, चौघांनी सेल्फ ठोकला, चौघांनी बॅटरीचं नाव घेतलं. सगळं चालू, फक्त गाडी बंद!

मग माझं टाळकं सरकलं. म्हटलं, अबू शाहीरकडे जाहा घेऊन जायचं. म्हणजे चार पांढऱ्या दाढ्या पुढे घालायच्या, यजमानाने कॉफी ओतली की कप खाली ठेवायचा आणि म्हणायचं, आमचं मागणं मान्य कर, मग पिऊ. रीतच आहे. खून माफ होतात अशा कपावर, सोयरिकी जमतात. पण माझ्याबरोबर येणार कोण? फव्वाजकाका म्हणाले, "मोटारीसाठी जाहा? लोक तोंडात शेण घालतील." मग गेलो एकटाच. कपड्यांवर पीठ, दाढी पुरती उगवलेली नाही. एका माणसाची जाहा!

दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, म्हातारबाबा आणि त्यांचे दोन लेक. त्यांच्यासमोर ह्याला मोठेपणा मिरवायचा होता. मला कॉफी ओतली, मी कप खाली ठेवला. तो हसला. त्याला वाटलं, पोरगं नोकरी मागायला आलंय. हात असा उंच करून म्हणतो कसा, "पी रे पोरा, पी! काय मागशील ते दिलं!" न विचारता! मी कप एका घोटात रिकामा केला आणि म्हटलं, "चाळिसाव्याला माझ्या वहिनीला तू विकलेल्या गाडीतून कब्रस्तानात ने." चेहरा बघायला हवा होतात! "अरे... ती गाडी... तसं नव्हे..." पण म्हातारबाबांनी माळ खाली ठेवली. "अबू शाहीर, पोराने कॉफी प्यायली." संपलं! आता फिरला तर फ्री झोनमध्ये त्याच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही.

चाळिसाव्याला आला. इस्त्रीचा सदरा, अत्तर, बरोबर स्वतःचा मिस्तरी. मिस्तरी म्हणाला, बोला काय म्हणाला? बॅटरी! अख्खी गल्ली गोळा झाली, अबू शाहीरने स्वतः किल्ली फिरवली, वायपर! परत फिरवली, ती रुसलेली बाई गायला लागली. मागे आईने हळूच ताल धरला, मी बघितलं. तो म्हणाला, "वहिनी, क्रेन मागवतो." वहिनी म्हणाली, "मी काय नो पार्किंगमध्ये सापडलेय उचलून न्यायला?" धक्का मारून चालू करावी तर गियर आपोआपवाले, धक्क्याला ती जुमानत नाही. मग राहिलं काय? ढकलत न्यायची! वहिनी स्टिअरिंगवर, आई शेजारी, वहिनीची पोरं मागे, आणि मागून मी आणि अबू शाहीर. भर उन्हात वायपर फिरतायत, भोंगा वाजतोय, फव्वाजकाका मान खाली घालून बाजूने चालतायत.

कोपऱ्यावर अबू शाहीरचा श्वास फुलला. मी म्हटलं, "खरं सांग, मोतसिमने न बघता घेतली?" तो धापा टाकत म्हणाला, "नाही... बघितली होती... सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला, चिखल दिसला त्याला... दोनदा विचारलं त्याने... मी म्हटलं, वाळवंटाची धूळ आहे... माझ्या मुलांची शपथ घेतली." मी म्हटलं, "मोठ्याने." त्याने परत सांगितलं, मोठ्याने. मागची काच अडकलेली, बंद होत नाही ना! आत सगळं ऐकू गेलं. फव्वाजकाकांच्या हातातली माळ थांबली. वहिनी पुढे बघतच म्हणाली, "ऐकलंत ना, आई?" आई म्हणाली, "ऐकलं. आता त्याला म्हणावं, ढकल."

मग मी त्याला विचारलं. तेच. गाडी चालू झाली असती तर? त्याने बुटांकडे बघितलं नाही, "विचारू नये" म्हणाला नाही, बॅटरीही काढली नाही. नुसता आणखी जोर लावून ढकलत राहिला.

कब्रस्तान आलं. दुआ झाली. वहिनी मातीपाशी बसून म्हणाली, "आले बघ तुझ्या गाडीतून." आणि आम्ही डोळे पुसून मागे वळतो तर अबू शाहीर कुठाय? टॅक्सी करून गेला! मी चिडणार होतो, पण तुम्हाला सांगतो, त्याचं चुकलं नव्हतं. कपावर मी न्यायचं मागितलं होतं. आणायचं मागितलंच नव्हतं! आणि परतीच्या वाटेवर हा चढ! वहिनी स्टिअरिंगवर, मी मागून एकटा, आणि आई दगड हातात घेऊन चाकामागे. मी दमलो की ती दगड लावायची आणि अबू शाहीरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. फव्वाजकाकांनी सदरा खोचला आणि खांदा लावला.

गाडी दारात लावली, मोतसिम लावायचा तिथेच. पोरं आत झोपलेली, उचलून घरात ठेवली. किल्ली काढून वहिनीच्या हातात दिली, तरी वायपर फिरतायत, ती बाई गातेय. वहिनी म्हणाली, "रकान, पुरे आता." मग त्या मिस्तऱ्यांचं ऐकलं. बॉनेट उघडलं, बॅटरी बघितली, आणि तिची वायर उपटून टाकली.