चूक म्हणायचं नाही!

...नाही, तुम्हीच सांगा, तेवीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाच्या हातातलं लाल पेन काढून घ्यायचं म्हणजे काय? न्हाव्याचा वस्तरा काढून घ्या आणि सांगा, आता गप्पा मारून दाढी कर! मस्कतला रुवीत आमची भारतीय शाळा, मी तिथला कुरुविला माष... माष म्हणजे आमच्या केरळात मास्तर हो... आणि माझी ख्याती कशाची? फुलीची! अशी ठसठशीत लाल फुली की पुढच्या दोन पानांवर उमटायची!

आणि मग आल्या दिल्लीहून भटनागर मॅडम. "सर, परदेशातल्या आपल्या मुलांसाठी खास आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आणलाय! पाठांतर नाही, उत्तरं सांगायची नाहीत, मुलं आपली आपण शोधतील. आणि हो, चूक म्हणायचं नाही! चूक नसतेच सर, असतो तो फक्त वेगळा विचार!"

बरं बाबा. पहिल्याच तासाला विचारलं, नदी कुठून निघते? आमचा हेतार्थ, कच्छचा, जन्म इथला, छातीठोकपणे उठला. "माष, पाण्याच्या निळ्या टँकरमधून!" मागच्या बाकावर मॅडम बसलेल्या. तुम्हाला सांगतो, माझा हात आपोआप खिशाकडे गेला... खिशात पेन नाही! घाम पुसत म्हणालो, "वा... वेगळा विचार!" घरी आलो तर मासळीच्या कालवणात मीठ नाही. तोंड उघडतोय तोवर बायको, एलियम्मा, इस्पितळात नर्स आहे, सुई टोचावी तसं म्हणते कशी, "चूक म्हणायचं नाही हं!"

चालायचं. पण सहावीतली जिस्ना आली आणि गाडं अडलं. मधल्या सुट्टीत दारात उभी. "माष, मला चूक म्हणा ना."

"काय म्हणू?"

"चूक. पप्पांची कंपनी बंद झाली. मार्चमध्ये आम्ही केरळात रान्नीला, आमच्या गावी जाणार, कायमचं. तिकडे खरी परीक्षा असते म्हणे. इथे सगळं बरोबर, आणि तिकडे सगळे मला हसतील."

आता सांगा, काय करायचं? ही पोर जन्मली इथे, रान्नी पाहिलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाहुणीसारखं... आणि तेच आता घर! मी नकाशांच्या खोलीत दार लोटून शिकवायला लागलो, चोरून! या वयात! लाल पेन डब्यात, इडलीखाली! पंबा नदी कुठे उगम पावते, हं, चूक! पुन्हा सांग! चूक! आणि ती पोर प्रत्येक फुलीला हसायची हो... इतकी खूश व्हायची की मला शिकवताना भरून यायचं.

शेवटचा दिवस. म्हटलं, आता पक्की परीक्षा. "तुझ्या गावाचा नकाशा काढ. नदी, पूल, चर्च, दिशा." चार वेळा घोटवून घेतलेला नकाशा! ती जीभ बाहेर काढून अर्धा तास काढत बसली. कागद हातात घेतला तर... रुवीचा चौक. कोपऱ्यावरची बेकरी. टँकर उभे राहतात ती जागा. आमची शाळा, आणि खिडकीत मिशीवाला एक माणूस. वर लिहिलेलं, 'माझं गाव'. नदी नाही, पूल नाही, काही नाही! रान्नी औषधालाही नाही!

धडधडीत चूक! पेनाचं टोपण काढलं. आणि तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षांत हजारो फुल्या मारलेला हा हात... उठेना. फुली मारायची कुठे? बेकरीवर? त्या मिशीवर? पोर माझ्या तोंडाकडे बघतेय. "माष, चूक आहे ना?"

"नाही गं," म्हणालो. "हा... हा वेगळा विचार आहे."

आणि दारातून टाळ्या! भटनागर मॅडम! "बघा सर! शेवटी जमलं तुम्हाला!" डोळे पुसायला सवड दिली नाही हो बाईंनी. आता दर शनिवारी चाळीस शिक्षकांसमोर मी उभा. विषय काय? चूक म्हणायचं नाही!

लाल पेन मी जिस्नालाच दिलं, विमानतळावर. म्हटलं, तिकडच्या मास्तरांचं वाळलं तर त्यांना दे. नकाशा ठेवून घेतला, कपाटाला आतून चिकटवलाय.

परवा फोन आला रान्नीहून. मी आधी तेच विचारलं, "काय गं, फार चुका काढतात का?" तर म्हणते, "नाही हो माष. इथेही नवीन पद्धत आलीय. इथेही कुणी चूक म्हणत नाही. तुमची फार आठवण येते."

झालं! चार महिने इडलीचा वास लागलेलं पेन, चोरून शिकवणं, सगळं पाण्यात! मग काय करणार... आता दर शुक्रवारी सकाळी फोन करतो आणि ती काहीही बोलली, अगदी 'माष, जेवलात का' म्हणाली, तरी आधी म्हणतो, "चूक!"