भरल्या चक्कीची मोटर

गोंदियातल्या मोटरच्या दुकानात विवेकसर कुलरची मोटर दुरुस्त व्हायची वाट पाहत बसले होते. ‘बस, दस मिनट’ ऐकून पाऊण तास झाला होता. करमणुकीला शेजारी चिचगडचं एक जोडपं होतं, खेमराज आणि अल्का. त्यांच्या धान भरडायच्या चक्कीची मोटर जळली होती.

“जुनी पाच हॉर्सची होती, पाचचीच द्या,” खेमराज दुकानदाराला म्हणाला. “आन् ते ऑटो स्टार्टर लावा. लाईट आली की चक्की आपोआप सुरू.”

“बढिया चीज आहे, भाऊ. उठून बटन दाबायचंही काम नाही.”

“तेच त पाहिजे. मी पानठेल्यावर असलो तरी चालते.”

“तुमी बसा जी पानठेल्यावर,” अल्का म्हणाली. “लाईट गेली की चक्कीत धान फसून राह्यते. भरली चक्की पाच हॉर्सची मोटर उचलत नाही.”

“मग काय करता, ताई?”

“जाळी खोलून, हात घालून धान काढा लागते मले. तेवढ्यात लाईट आली त?”

दुकानदारानं काढलेलं ऑटो स्टार्टरचं खोकं पुन्हा फळीवर ठेवलं.

“आतापर्यंत सांगितलं काऊन नाही?” खेमराज म्हणाला.

“तुमी होते कुठं?”

खेमराज दुकानदाराकडे वळला.

“भाऊ, साडेसातची मोटर भरल्या चक्कीनं उठते का?”

“आरामसे. ऑटो बांधू सोबत?”

“नको. दाबल्याशिवाय सुरू नाही झाली पाहिजे. आन् वायर लांब द्या. बटन हिच्या बाजूनं लावा लागते.”