बाल्कनीला कोणी विचारलंच नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, ताईचे सहकारी आणि विद्यार्थी, ताईचे यजमान म्हणजे आमचे दाजी, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या समस्त मंडळींनो,

आधी उभ्या असलेल्यांची माफी मागतो. वर अख्खी बाल्कनी रिकामी आहे आणि तुम्ही मात्र ताटकळताय. सकाळी तिच्या दाराला कुलूप मीच लावलं. का, ते सांगतो. म्हणजे मला जेवढं कळलंय तेवढं सांगतो.

मी सत्कारमूर्तींचा, म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या ताईचा, धाकटा भाऊ. हे सभागृह बांधलं तेव्हाचा इंजिनिअरही मीच. म्हणून दोन शब्द मी बोलावेत, असं संयोजकांनी ठरवलं. भाषण लिहून आणलंय. त्यातलं पहिलं वाक्य, 'ताईचं गणित कधी चुकलं नाही', मी सकाळी खोडलं आणि दुपारी पुन्हा लिहिलं. आता ते वाचू की नको, अध्यक्ष महोदय? हसताय. म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.

ताईने केलं काय? एखादी वस्तू खरोखर उभी करण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करून, धक्के देऊन, किती थरथरते ते पाहण्याची सोय केली. पूल असो, यंत्राचा पाय असो, काहीही. आणि हा प्रोग्रॅम तिने विकला नाही. ओपन सोर्स म्हणून जगापुढे ठेवून दिला. घ्या, वापरा, आतलं वाचा, चुकलं असेल तर दुरुस्त करा. दाजी तेव्हा म्हणाले होते, "अगं, दार तरी लोटून घे!"

प्रोग्रॅमसोबत एक नमुना हवा होता. मी तेव्हा नेमकी ही बाल्कनी बांधायला घेतली होती. "बाळ्या, तुझी बाल्कनी दे," ताई म्हणाली. घरी मला अजून बाळ्याच म्हणतात, टक्कल पडलं तरी. मी नकाशे दिले, तिने उत्तर काढलं, त्या उत्तराच्या भरवशावर मी काँक्रीट ओतलं. तेव्हापासून प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली की जगभरची माणसं आधी ही बाल्कनी चालवून बघतात. जुनंच उत्तर आलं, की आवृत्ती पास.

गेल्या आठवड्यात कुठल्याशा देशातल्या एका संशोधक बाईंनी तोच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. त्यांच्या हिशेबात याच बाल्कनीत लोकांनी एका ठेक्यात टाळ्या वाजवल्या, की ती ताईच्या उत्तराच्या दुप्पट हलते! त्यांनी ताईला अगदी अदबीने विचारलं, "यातलं बरोबर कोणतं?"

झालं. कोणी म्हणे जुनं, कोणी म्हणे नवं. आणि मग ताईच्याच लक्षात आलं, की इतकी वर्षं सगळे जण उत्तर उत्तराशीच ताडून पाहत होते. खऱ्या बाल्कनीला कोणी विचारलंच नाही. ती बिचारी इथे, ताईच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. एवढ्या हुशार माणसांना हे सुचू नये? कसं, ते मला विचारू नका. माझं डोकं चालेनासं झालंय.

काल ताई घरी आली. समोरचा चहा निवून गेला. म्हणाली, "बाळ्या, मी आजवर बरोबर होते, की नुसतीच ठाम होते?" तिच्या प्रोग्रॅमवर विसंबून लोकांनी पूल उभे केलेत हो! निवृत्तीच्या दिवशी हा प्रश्न घेऊन तिने घरी जायचं? फार वाईट वाटलं मला. आणि बांधणारा मी, म्हणून सकाळी येऊन आधी कुलूप लावलं.

आता व्यासपीठावरची मधली खुर्ची बघा. मानचिन्ह आहे, सत्कारमूर्ती नाहीत. तुम्हाला वाटलं असेल फोन आला. ती माझ्याकडून किल्ली घेऊन वर गेलीय, कंपनं मोजायचं यंत्र घेऊन. मघापासून जे धपधप ऐकू येतंय, ते म्हणजे ताई उड्या मारतेय. या वयात. अध्यक्षांच्या भाषणात त्याचा व्यत्यय आला, त्याबद्दल दिलगीर...

थांबा, खुणावतेय. काय गं?

"दोन्ही चुकीची" म्हणतेय. म्हणजे काय, ताई? दोन्हीपेक्षा कमी हलते? का पण?

"माहीत नाही" म्हणे!

मंडळी, 'माहीत नाही' म्हणताना माणूस इतकं हसतं का हो? माझा जीव भांड्यात पडला, एवढं खरं. बाकी हा निरोप समारंभ आहे की ती नव्याने कामावर रुजू होतेय, तेच मला कळेनासं झालंय. दाजी, सहलीच्या तिकिटांचं काही खरं दिसत नाही.

आता काय? बरं, बरं. ती म्हणते, एकटीच्या उड्यांवर विसंबायचं नाही, माणसं हवीत. उभे आहात त्यांनी आधी वर जायचं, थोडे थोडे, आणि ती थांबा म्हणेल तिथे थांबायचं. वर बसायला जागा आहे, काम एकच. टाळ्या वाजवायच्या, एका ठेक्यात. यंत्र चालू आहे.

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि त्या लांबच्या बाईंचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. ताईच्या गणितात झालं असेल तर मात्र पोटात घालू नका. शोधा, सगळं उघडंच आहे.

बांधली मी, तेव्हा पहिला मी जातो. दाजी, चला.