तिसऱ्यांवर चीज

मारीलेना : आई, विषय बदलू नकोस. मी पपाला विचारतेय. नाताळला फाब्रीत्सिओला घेऊन आले, तर त्याला घरात घेणार आहे का नाही?

लोरेदाना : अगं, आधी पावाचा तुकडा तरी मोड. मिलानहून उपाशी आलीस. जानीनं त्याच्या हॉटेलातलं हे कोपऱ्यातलं टेबल आपल्यासाठी अडवून ठेवलं, त्याला तरी बरं वाटू दे.

मारीलेना : हेच टेबल सांगितलंस तू त्याला? साखरपुड्याच्या जेवणाला आपण इथंच बसलो होतो.

लोरेदाना : टेबलं आहेतच किती गं त्याच्याकडे? कुठलं तरी एक असणारच.

नेरेओ : कालव्यावर वारा सुटलाय. उद्या होड्या निघायच्या नाहीत. तू कुठल्या गाडीनं आलीस, पोरी?

मारीलेना : आताच सांगितलं ना, दुपारच्या. पपा, ऐक. सहा वर्षं झाली त्याला. माझ्या सासूच्या देखत तू त्याच्या पुढ्यातली बशी उचललीस.

नेरेओ : कुणाच्या?

मारीलेना : माझ्या नवऱ्याच्या. तिसऱ्या-शिंपल्यांच्या स्पगेटीवर त्यानं चमचाभर चीज भुरभुरलं, एवढाच त्याचा गुन्हा. बशी जानीच्या हातात देऊन म्हणालास, मांजराला घाल. आणि वर काय म्हणालास? ज्याला माशाचा वास कळत नाही, त्याला माझी मुलगी काय कळणार?

लोरेदाना : आपल्या किओज्जाचा माणूस दुसरं काय म्हणणार? उभा जन्म मासळीबाजारात गेला त्याचा. समुद्राच्या जिनसावर चीज म्हणजे त्याला पापच... जाऊ दे ना.

मारीलेना : तूच बोलतेयस सगळं. त्याला बोलू दे. मला लांबलचक माफी नकोय. 'त्याला घेऊन ये' एवढंच म्हणू दे. तेवढंही तोंडातून निघत नसेल, तर यापुढे मीही यायची नाही. हेच सांगायला आलेय.

लोरेदाना : या बघ, आल्या तिसऱ्या. नेरेओ, सरकून बस. काटा इकडे आहे, हा घे.

नेरेओ : वास झकास आलाय. जानी, चीज दे रे थोडं.

मारीलेना : काय दे?

नेरेओ : चीज. किसलेलं. यावर घालायला.

मारीलेना : वा, पपा. एवढ्या लांबून आले ती तुझा टोमणा ऐकायला?

लोरेदाना : जानी, ऐकलंस ना? आण चीज. हो, तिसऱ्यांवरच. असा बघत उभा राहू नकोस.

मारीलेना : थांब, आई. पपा, ही तुझी माफी मागायची तऱ्हा आहे का? तसं असेल तर चालेल मला. खरंच चालेल. मी फाब्रीत्सिओला सांगेन, पपानं स्वतः चीज मागितलं म्हणून. तो हसेल. तो काही डूख धरणारा नाही.

नेरेओ : कसली माफी? मी चीज मागितलं. मिळत नाही का इथं?

लोरेदाना : मिळतं रे. तोवर हात धुऊन ये, तेल लागलंय बोटांना. जानी येईल तुझ्याबरोबर.

नेरेओ : मला काय सोबत लागते? लहानपणापासून येतोय इथं.

लोरेदाना : त्यालाही आतच जायचंय. जा त्याच्यासंगं.

(नेरेओ जानीबरोबर आत जातो.)

मारीलेना : कधीपासून?

लोरेदाना : काय कधीपासून?

मारीलेना : आई.

लोरेदाना : गेल्या हिवाळ्यापासून. आधी माणसांची नावं गेली. मग एक दिवस बाजारात माकूल हातात घेऊन उभा, आणि गिऱ्हाइकालाच विचारतो, हे काय आहे? लोकांना वाटलं गंमत करतोय. हसले सगळे. तोही हसला. घरी येऊन रडला.

मारीलेना : आणि मला फोनवर सांगायचीस, पपा झोपलाय, पपा बाहेर गेलाय. मला वाटायचं, अजून माझ्याशी अढी धरून बसलाय.

लोरेदाना : त्यानंच बजावलं होतं, कळत होतं तेव्हा. म्हणाला, मारीलेनाला सांगू नकोस, कीव येऊन माफ करेल. मला तिची कीव नको.

मारीलेना : मग काय हवं होतं त्याला?

लोरेदाना : फोन मांडीवर घेऊन बसायचा. कुणाला करतोस विचारलं की म्हणायचा, मिलानला. पुढचं नाव काही येईना.

मारीलेना : फाब्रीत्सिओचं? खरं सांगतेस, की माझी समजूत काढतेस?

लोरेदाना : मला आपलं तसं वाटलं. आता त्याला विचारायची सोय राहिली नाही.

मारीलेना : मी गाडीत अख्खं भांडण घोकत आले गं. तो असं म्हणाला तर मी असं म्हणेन. आता भांडू कुणाशी?

लोरेदाना : माझ्याशी भांड. पण उद्या. डोळे पूस, येतोय तो. आणि चीजचा विषय काढू नकोस. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला अजून कळतं. मग झोपत नाही, येरझाऱ्या घालतो.

(नेरेओ परत येतो. मागून जानी किसलेल्या चीजची वाटी आणून ठेवतो.)

नेरेओ : हे काय, कुणी हात नाही लावला? गार झालं सगळं. तू एकटीच आलीस का, पोरी? नवरा कुठंय तुझा?

मारीलेना : मिलानला आहे, पपा.

नेरेओ : मग त्याला घेऊन ये. असल्या तिसऱ्या तिकडे कोण देणार त्याला?

लोरेदाना : अगं, तुझ्याशी बोलतोय तो.

मारीलेना : हो. आणेन. नाताळला आणेन. तुला चालेल ना?

नेरेओ : मला न चालायला काय झालं? आणि हे चीज छान लागतंय. लोरेदाना, आपण घरी का नाही घालत गं?

लोरेदाना : घालू या. उद्यापासून घालू.

नेरेओ : आणि तू काय अशी बघत बसलीस, पोरी? तुला नको?

मारीलेना : चालतं का, पपा? तिसऱ्यांवर?

नेरेओ : घे गं. कुणी काही म्हणणार नाही.